घेणाऱ्याचं नाव नसलेली चिठ्ठी

२ जानेवारी

ही वही एका बिल्डरने फुकट दिली. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरांत 'तुमच्या स्वप्नातलं घर, तुमच्या दारात' असं छापलंय. घरच दारात आलं तर दार कुठे लावायचं, हे त्या छापणाऱ्याला विचारलं पाहिजे. पण कागद चांगला आहे, आणि फुकट ते पौष्टिक. म्हणून लिहायला बसलो.

लोक कर्ज काढून घर घेतात. कर्ज देण्याआधी बँक मला ते घर बघायला पाठवते. मी खोल्या मोजतो, भिंतीवर टिचक्या मारतो, नळ सोडून पाहतो, ओल शोधतो, आणि घराची खरी किंमत लिहून देतो. मी लिहीन त्या आकड्याच्या हिशोबात बँक पैसे देते. एकवीस वर्षं हेच करतोय. या काळात एक गोष्ट पक्की कळली. राहायला म्हणून घर घेणाऱ्या माणसाची अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

आजचंच घ्या. नवराबायको दोघंही शिकलेले. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं म्हणून तीन लाख जास्त द्यायला तयार! ऊन! मी अहवालात उन्हाचे शून्य धरले. बाई रडवेली झाली. म्हणाली, "तुम्हाला घर आहे ना?"

दोन आहेत, बाई. गावाच्या टोकाला, एक खोली आणि स्वयंपाकघर, अशी दोन. एकात बेकरीत काम करणारा भाडेकरू राहतो, दुसरं सात महिने रिकामं आहे, पण किंमत वाढतेच आहे. आणि मी स्वतः भाड्याने राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मी, बायको, आमची छोटी आणि माझे वडील. लोकांना यात विनोद दिसतो. त्यांना व्याज आणि भाडं यांतला फरक समजत नाही, आणि समजवायला माझ्याकडे वेळ नाही.

९ जानेवारी

बायकोने जेवताना फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यात एका घराचा फोटो. बैठं, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे चार हात मोकळी जागा. पुस्तकं बांधणारा एक म्हातारा बाइंडर विकतोय, त्याला मुलाकडे जायचंय.

"बघून तरी ये," ती म्हणाली.

"फोटो पाहिला की."

"अण्णांना तीन जिने होत नाहीत रे आता."

"मग अण्णांना खाली जायचंच कशाला? सगळं वर येतंय ना त्यांना?"

अण्णा म्हणजे माझे वडील. ते समोरच बसले होते. त्यांनी भाजी वाढून घेतली. गुडघे दुखतात का, असं त्यांना कोणी विचारलं तरी ते हसतात. मग घरातल्या बायका त्या हसण्यावर घरं विकत घ्यायला निघतात.

मी बाइंडरची किंमत विचारली आणि जागच्या जागी सांगून टाकलं की वीस टक्के जास्त सांगतोय. बायकोने विचारलं, न बघता कसं कळलं? हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हटलं. अशी बैठी घरं मी शंभर पाहिलीत. बायको दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर माप पाठवतो, ती कवळी बनवते. मी तिला कधी सांगत नाही दात कसा घासायचा. तिने मला घर सांगू नये, एवढीच अपेक्षा.

शिवाय उरलेले पैसे मी एका नव्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये घालणार आहे. जागा मोक्याची आहे. सध्या तिथे खड्डा आहे, पण भाव खड्डा असतानाच कमी असतो.

१७ जानेवारी

साडूच्या नव्या घराला भेट. पाच खोल्या, पंचवीस वर्षांचं कर्ज. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून तो 'आणि ही' असं म्हणत होता, जणू बाकीच्या आम्हाला दिसतच नव्हत्या. एका खोलीत फक्त इस्त्रीचं टेबल आहे. इस्त्रीसाठी पंचवीस वर्षं हप्ते भरणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

घर पाहावं बांधून, असं जे म्हणतात ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. लोक नेमकं तेवढंच विसरतात.

येताना छोटी म्हणाली, मावशीकडे खिळे ठोकायला परवानगी लागत नाही. आमच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात आणि हातोडीचा आवाज त्यांना झोपेतही ओळखू येतो. मी म्हटलं, खिळा ठोकण्यासाठी एवढे पैसे घालायचे तर सोन्याचा ठोकावा लागेल. कोणी हसलं नाही. अण्णा तर आलेच नव्हते, त्यांना जिने.

२४ जानेवारी

भांडण झालं आणि मिटलंही. मी जिंकलो.

बायको म्हणाली, "तुझे पैसे तू टॉवरमध्ये घाल. मी अडवणार नाही. माझे माझ्याकडे राहू देत."

एकदाचं शहाणपण सुचलं. तिचे असे किती असणार, चौदा वर्षं दात बनवून! राहू देत. मी लगेच टॉवरचे कागद काढले, तिने जोडीदार म्हणून सगळीकडे सह्या केल्या. मग तिने एक कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "आता यावर तुझी. वाचून कर."

शाळेचं काहीतरी असणार, सहलीबिहलीचं. जगातले सगळे कागद वाचायचा मक्ता माझ्याकडेच आहे का? सही करून दिली. तिने तो कागद दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. हरल्यावर माणसं अशीच बघतात.

८ फेब्रुवारी

घरात शांतता आहे. बाइंडरच्या घराचं नावही निघत नाही. वेळीच पाय जमिनीवर आणले की माणसं सुधारतात.

बायको हल्ली उशिरा येते. काम जास्त आहे म्हणे. अण्णा रोज दुपारी जिन्यात जातात, सहा पायऱ्या उतरतात, सहा चढतात. मालकीणबाईंनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. या वयात कसली तालीम चाललीय कोण जाणे.

छोटी मात्र माझ्यावर गेलीय. अकरा वर्षांची आहे, पण आज माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाबा, खोली कशी मोजतात?" मला खरंच आनंद झाला. साधी टेप काढली. तिला दाखवलं, की टेप ताणून धरायची, जमिनीलगत मोजायचं, दाराच्या जाडीचं वेगळं लिहायचं, आणि सामान कुठे बसेल ते आधी जमिनीवर आखून बघायचं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. टेप दोन दिवसांसाठी मागून नेली.

धंदा पुढे चालवणारं कोणीतरी घरात आहे.

१९ फेब्रुवारी

आज हसावं तेवढं थोडं.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. बँक आम्हाला फाइल देत नाही, फक्त चिठ्ठी देते. चिठ्ठीवर क्रमांक, पत्ता आणि विकणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचं नाव नसतं. आपल्या माणसासाठी कोणी आकडा फुगवू नये, म्हणून ही काळजी. चांगली पद्धत आहे, बँकेत एवढी एकच.

तर आजच्या चिठ्ठीवर पत्ता बाइंडरच्या घराचा! सापडलाच कोणीतरी बकरा. संध्याकाळी बायकोला म्हटलं, "तुझं ते बैठं घर गेलं हं. कोणीतरी मूर्खाने घेतलं." ती पाण्याचा पेला विसळत होती. तिने विचारलं, "तुला कसं कळलं?" म्हटलं, उद्या मीच जातोय किंमत करायला.

तिने पेला पुन्हा विसळला. तो आधीच स्वच्छ होता.

"खरी किंमत करशील ना?" तिने विचारलं.

एकवीस वर्षं झाली लग्नाला नव्हे, पण धंद्याला तरी झालीत, आणि हा प्रश्न!

२० फेब्रुवारी

पाहणी झाली. मोजमाप कच्च्या वहीत आहे. बाकी उद्या लिहीन.

२१ फेब्रुवारी

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. माझी तशी सवय आहे.

बाइंडर दारातच उभा होता. बोटं जाड, नखांत जुना डिंक. मी नेहमीप्रमाणे बाहेरून सुरुवात केली. पाया उंच, भिंती जाड, ओट्याला तीनच पायऱ्या आणि बाजूला लोखंडी कठडा, नवा, रंगसुद्धा वाळायचा होता. म्हटलं, विकायच्या घराला कठडा कशाला लावला? तो म्हणाला, घेणाऱ्या बाईंनी लावून घेतला, त्यांच्या सासऱ्यांसाठी. पैसे त्यांनीच दिले, घर अजून नावावर नसताना. मी मनात म्हटलं, आणखी एक वेडी.

भिंतींवर टिचक्या मारल्या. कुठेही पोकळ आवाज नाही. छत कोरडं. मागच्या भिंतीला वीतभर ओल, तीही नळाची. म्हातारा मागत होता ती किंमत बरोबर होती. खरं तर थोडी कमीच होती. फोटोवरून मी जे बोललो होतो ते चूक होतं. हे मी तिथे उभ्या उभ्या मान्य केलं, कारण अजून तरी गंमत वाटत होती.

मग आतल्या खोलीत गेलो. जमिनीवर खडूने चौकोन आखलेले. बाइंडर म्हणाला, "पाय जपून हं. त्यांची मुलगी आखून गेलीय. पुसायला जीव होईना."

सरळ रेघा. दाराची जाडी वेगळी लिहिलेली. खिडकीखालच्या चौकोनात 'आजोबांची खाट'. भिंतीशी 'माझं टेबल'. कोपऱ्यात 'आईचं काम'. ट काढताना शेपूट लांब ओढायची एकाच मुलीला सवय आहे. मास्तरीणबाईंनी त्यावरून दोनदा मला शाळेत बोलावलं होतं.

मी दुसऱ्या खोलीत गेलो. तिथे 'कपाट', 'आई आणि मी', 'पुस्तकं', 'इथे काही नाही, खेळायला'. ओट्यावर गेलो, तिथे 'आजोबांची खुर्ची'. मागे गेलो. मागे 'झाड, ठरायचंय'. पुन्हा आत आलो आणि सगळं पहिल्यापासून वाचलं. काही राहून गेलं असेल, असं वाटलं.

बाइंडरला विचारलं, राहणार किती जण? तीन, म्हणाला. सासरे, सून, नात.

"आणि नवरा?"

"मीही विचारलं त्या पोरीला, बाबांचं कुठे आखलंस म्हणून. ती म्हणाली, बाबांची घरं वेगळी आहेत."

मी मोजायच्या लेझर यंत्राने भिंत मोजली. आकडा आला तो लिहिला. परत मोजली.

म्हातारा चहा देत होता, मी घेतला नाही. विकणाऱ्याचा चहा मी कधीच घेत नाही. तो म्हणाला, "साहेब, जरा बघून लिहा. बाई फार ओढून ताणून जमवतायत. आकडा खाली आला तर त्यांचं जमायचं नाही, आणि मला मार्चअखेर जायचंय, मग दलालाला देऊन टाकीन."

म्हटलं, मी घेणाऱ्याकडे बघून लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे चिठ्ठी परत करायला हवी होती. घरचा माणूस आहे, दुसऱ्याला पाठवा, एवढंच सांगायचं. एका वाक्याचं काम.

मी अहवाल लिहिला. मागची ओल, म्हणजे पाच टक्के. वायरिंग जुनं, चार टक्के. रस्ता अरुंद, तीन. यातलं एकही खोटं नाही. ओल आहे, वायरिंग जुनं आहे, रस्त्यावरून दोन गाड्या एकदम जात नाहीत. बारा टक्के कापले. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर एक कापला असता, हेही लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

मी हे त्यांच्या भल्यासाठीच केलं. पगार केवढा, हप्ता केवढा, आणि ही बाई कठडे लावत सुटलीय. लपूनछपून! माझ्याच घरात माझ्याच टेपने मापं घेतली. माझ्याच पोरीला हाताशी धरलं. आणि तो म्हातारा, ज्याला मी तीन मजले वर औषधं आणून देतो, तो जिन्यात सहा पायऱ्यांचा सराव करतो! दाताला दात लावणारी बाई घर घ्यायला निघाली. घर म्हणजे कवळी आहे काय, बसली नाही तर घासून द्यायला?

दुपारी चारला अहवाल पाठवला. छान झोप लागेल असं वाटलं होतं.

२८ फेब्रुवारी

सहा दिवस वही उघडली नाही. घरात कोणी मला काही बोललं नाही. बायकोचे डोळे सुजलेले असतात आणि ती म्हणते, कवळ्यांची भुकटी डोळ्यांत जाते. मी 'चष्मा लाव' म्हणतो.

आज ती कामावर आणि छोटी शाळेत गेल्यावर अण्णांनी हाक मारली.

"बस. सूनबाईने सांगू नको म्हटलंय, पण माझ्या पोटात राहत नाही. ते बाइंडरचं घर ती घेतेय. कर्जही मंजूर होत होतं. पण बँकेने एक मनुष्य पाठवला, आणि त्याने किंमत अशी पाडली की दीड-दोन लाख कमी पडतायत."

मी म्हटलं, "असेल काही कारण."

"कसलं कारण? बाइंडर फोनवर सांगत होता, भिंतींवर टिचक्या मारून मान डोलवत होता तो. खूश दिसत होता. मग आत जाऊन काय पाहिलंन कोण जाणे, चहासुद्धा न घेता गेला. काही माणसांना दुसऱ्याचं घर झालेलं बघवतच नाही रे."

मी टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला.

"तर मी देतोय पैसे," अण्णा म्हणाले. "गुडघ्यांसाठी ठेवलेत ना, ते. ऑपरेशनचं काय, आज ना उद्या. तिथे तीन पायऱ्या आहेत, तेवढ्या मी बसून बसून उतरेन. सूनबाई नको म्हणते, रडते. तू तिला समजाव. म्हणावं घे."

"मला का नाही सांगितलंत कोणी? घराचं?"

"सांगितलं की. इथेच, जेवताना. तू वीस टक्के जास्त म्हणालास."

मग ते उठायला लागले. मी पहिल्यांदा बघितलं ते कसे उठतात. आधी खुर्चीचे हात धरतात, मग थांबतात, तोंडाने काही मोजतात, चारपर्यंत, आणि मग एकदम उठतात. उभे राहिल्यावर हसतात. मी हे हसणं रोज बघतो. त्याच्या आधीचे चार आकडे कधी पाहिले नव्हते.

"दीड वर्ष झालं रे खाली जाऊन," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, हिशोब सांगतात तसं.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

१ मार्च

बँकेत गेलो. कर्ज विभागातल्या बाईंना सांगितलं, अमुक क्रमांकाचा अहवाल माझा आहे, तो रद्द करा.

"का? चुकलात?"

"चुकलो नाही. घेणारी माझी बायको आहे."

बाईंनी चष्मा काढला. "आणि हे तुम्हाला अहवाल लिहिताना ठाऊक होतं?"

"होतं."

"म्हणजे फुगवलात?"

"पाडला."

माझ्या ओळखीतली प्रत्येक बाई माझ्याकडे बघून काहीतरी पुसते किंवा विसळते. या बाईंनी चष्मा पुसला. त्यांना समजेना. फुगवणारे त्यांनी खूप पाहिलेत, त्यासाठी छापील नोटीसच तयार असते. पाडणारा पहिलाच.

"घरात भांडण आहे का?" त्यांनी हळू विचारलं. "कारण नवऱ्याची संमती तर फाइलमध्ये आहे." त्यांनी कागद काढून दाखवला. मधोमध दोनदा घडी घातलेला. खाली माझी सही. वर स्पष्ट लिहिलं होतं, पत्नी स्वतःच्या पैशांतून आणि स्वतःच्या कर्जातून घर घेत आहे, माझी हरकत नाही, माझा त्यावर हक्क नाही.

वाचून कर, म्हणाली होती ती.

मी एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करणारा तो गाढव. आता तो गाढव पाण्याचा ग्लास मागत होता आणि शिपाई आणून देत होता.

लेखी जबाब दिला. बँकेच्या यादीतून माझं नाव काढणार. बाकीच्या बँकांनाही कळेलच. कुंपणानेच शेत खाल्लं, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण टाइप करताना ओठ तसेच हलत होते. दुसरा मूल्यांकन करणारा उद्या जाईल. त्याला मी चांगला ओळखतो. त्याला भिंत आणि पडदा यांतला फरक कळत नाही, पण त्याचा आकडा बरोबर येईल. त्या घराचा आकडा चुकवायला मुद्दाम मेहनत लागते.

३ मार्च

दुसरा अहवाल आला. म्हाताऱ्याने मागितली तेवढीच किंमत. अण्णांच्या पैशांना हात लावायची गरज नाही.

बँकेने बायकोला फोन केला असणार. ती लवकर आली. बूट काढले, हात धुतले, माझ्यासमोर बसली. अण्णा आत होते, छोटी खेळायला.

"किती कापले होतेस?"

"बारा टक्के."

"कशाकशाचे?"

सांगितले. ओल, वायरिंग, रस्ता. तिने प्रत्येकावर मान हलवली. दाताचा साचा तपासते तशी, कुठे हवा राहिलीय का ते बघत.

"आणि खरं कशाचे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. म्हणता आलं असतं, मला कुठेच आखलं नव्हतं. पण ते तोंडातून निघेना. एवढा मोठा माणूस, दोन घरांचा मालक, आणि एका टॉवरच्या खड्ड्याचा. मी म्हटलं, "माहीत नाही."

"मला माहितेय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू खरा आकडा लिहिशील. बाकी कशावर नाही, पण तुझ्या आकड्यावर माझा विश्वास होता. तूच जाणार हे कळल्यावर मी तीन रात्री नीट झोपले. म्हटलं, तो मला बोलेल, टोमणे मारेल, पण किंमत खरी करेल."

मला शिव्या चालल्या असत्या. साडूने दिल्या तशा, त्याला त्याच्या बायकोकडून कळलंच होतं. फोनवर म्हणाला, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्याच्या इस्त्रीच्या खोलीवर बोलायला माझ्याकडे खूप होतं. मी फोन ठेवला.

९ मार्च

बँकेच्या यादीतून नाव निघाल्याचं पत्र आलं. आणखी दोन बँकांनी कामं देणं थांबवलं. रिकाम्या घराला भाडेकरू मिळेना. टॉवरच्या बिल्डरने 'काम लवकरच सुरू' अशी चिठ्ठी पाठवलीय, सोबत एक पेन.

मी तीन दिवस घरी आहे. तिसऱ्या मजल्यावर दिवसभर बसलं की काय होतं ते कळतं. खालून रस्त्याचा आवाज येतो, माणसं दिसतात, आणि आपल्याला कोणी विचारत नाही. अण्णा खिडकीत बसून भाजीवाल्याशी वरून बोलतात. वर बघून बघून भाजीवाल्याची मान दुखते, म्हणून तो दोन वाक्यांत आटपतो. अण्णा दोन वाक्यांसाठी सकाळपासून शर्ट घालून बसतात.

१३ मार्च

घर बायकोच्या नावावर झालं. मला नेलं नव्हतं. अण्णांना शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं होतं, सहीला साक्षीदार म्हणून. परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना माती होती. त्यांनी ती झटकली नाही, दाराशी तशीच राहू दिली.

घरात खोकी आलीत. बायको आणि छोटी भांडी कागदात गुंडाळत होत्या. मी दारात उभा होतो. मला घरात कुठे उभं राहायचं हे हल्ली सुचत नाही.

"रविवारी आठ वाजता टेम्पो येतोय," बायको भांड्यांकडे बघतच म्हणाली. "हमाल दोन ठरवलेत. तिसरा परवडत नाही. तू येशील?"

"येईन."

छोटीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुन्हा कागद घेतला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय?"

"मग मी कुठे..." पुढचं वाक्य मला पुरं करता येईना. अहवालात असं वाक्य मी कधी ठेवलं नसतं.

बायकोने एक पातेलं गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, त्यावर दुसरं बसेना म्हणून परत काढलं. बरीच वर्षं बघितलं नव्हतं असं तिने माझ्याकडे बघितलं. त्यात राग होता, पण दार बंद केल्यासारखा नव्हता.

"आधी कपाट तर उचल," ती म्हणाली.

रात्री सगळे झोपल्यावर मी कपाट हलवून पाहिलं. जुनं, लोखंडी, आतले कप्पे गंजून अडकलेले. उद्या स्क्रू काढून ते सोडवून ठेवतो. दोन माणसांना ते उचलणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.